विषारी शंखाचा अपराध

पापास मन लागते काय, हा प्रश्न जुना आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैन गुहामंदिरे आहेत. त्या परंपरेतील शास्त्रकारांनी तो मोठ्या बारकाईने सोडविण्याचा यत्न केला. शंखातील जीव त्यांनी द्वींद्रियांत घातला: त्यास स्पर्श आहे, रसना आहे, मन नाही.

आता हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण किनाऱ्यांवरील एक शंकूसारखा शंख घ्या. शास्त्रीय नाव कोनस जिओग्राफस. हा सोंडेसारख्या नळीने पाण्यातील गंध ओळखून भक्ष्य शोधतो. (म्हणजे इंद्रिये दोनच, हे गणित येथे जुळत नाही, पण मुख्य प्रश्नास त्याने बाध येत नाही.) याच्या विषात माशांच्या इन्सुलिनसारखे इन्सुलिन असते, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ते पाण्यात पसरले की माशांच्या रक्तातील साखर उतरते, मासे सुस्तावतात, आणि हा आपले तोंड जाळ्याप्रमाणे पसरून त्यांस आत ओढतो. मग पोकळ दात भाल्यासारखा खुपसतो. ज्या द्रव्याच्या सुईवर आमच्या कित्येक घरांतील वडीलधारी माणसे जगतात, तेच येथे मारणाचे साधन! याच्या दंशाने माणसेही दगावली आहेत. त्यावर उतारा अद्याप नाही.

याच्याच एका भावंडाच्या, कोनस मेगसच्या, विषावरून तयार केलेल्या वेदनाशामक औषधास अमेरिकेत 2004 साली मान्यता मिळाली. तेव्हापासून हा जीव उपकारक म्हणून त्याची क्रूरता क्षम्य, असे काही सज्जन म्हणू लागले आहेत. आम्हांस हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. आमच्या दुखण्यास उतार पडला म्हणून त्याच्या पदरी पुण्य कसे पडावे? ज्यास मन नाही त्यास क्रूर म्हणणे जितके व्यर्थ, तितकेच दयाळू म्हणणेही.

शिवाय तो माणसाच्या मागे लागत नाही. कोणी त्यास हाती धरले तरच डसतो. आणि हाती का धरावे? तर कवच सुंदर म्हणून. लाटांत घासलेला रिकामा शंख फिका पडतो. काचेच्या कपाटात झळकणारा बहुधा जिवंतपणी उचलून, आतला जीव मारून साफ केलेला असतो. रामेश्वराहून परतणारा यात्रेकरू त्याच्या किमतीची घासाघीस करतो; तो कसा मिळविला, हे दुकानदारास विचारीत नाही.