जाणत्याचे मौन



१७ सप्टेंबर हा आपल्या मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली आणि आपण भारतात सामील झालो. म्हणून आपल्याकडे शाळांचे बँडपथक इतर महाराष्ट्रापेक्षा वर्षातून एकदा जास्त झेंड्यापुढे उभे राहते. आणि ही जास्तीची वेळ येते ती भर पावसाळ्यात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका १७ सप्टेंबरला आपल्या तालुक्यातील एका शाळेच्या मैदानावर मी पाहुणा म्हणून बसलो होतो. त्या शाळेत नवे सर आले होते. वय पंचविशीच्या आतबाहेर. नेमणूक दुसऱ्या विषयासाठी होती. पण "तुम्ही तरुण आहात, बँडही तुम्हीच बघा," असे म्हणून कपाटाची किल्ली त्यांच्या हाती दिली गेली होती. आपल्याकडे बहुतेक बँडमास्तर असेच तयार होतात.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. ढोल व्हरांड्यात उघडेच राहिले होते. चामड्याची पाने ओल धरून सैल पडली होती आणि आवाज डबडब येत होता. संचलन सुरू झाले. एन.सी.सी.त 'तेज चल'ची गती मिनिटाला १२० पावले असते. सुरुवात त्याच गतीने झाली, पण मुले घाबरलेली, त्यांच्या काठ्या भराभर पडू लागल्या. गती वाढत गेली, पाय चुकले, मागच्या रांगा पुढच्यांवर आदळल्या. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. त्या दिवशी ढोलवाले आधी संपले आणि बासरीवाले मागे राहिले. काही पालक हसले. सर मान खाली घालून उभे होते.

आता माझी गोष्ट. निवृत्त होण्याआधी मी दुसऱ्या एका शाळेत बावीस वर्षे बँड सांभाळला. चार दिवस आधी त्या शाळेवरून जाताना मी थांबून त्यांचा सराव पाहिला होता. सर्वांत लहान मुलाच्या गळ्यात सर्वांत मोठा ढोल अडकवला होता. सर हाताने ताल देत होते, पण मुलांच्या पाठीमागे उभे राहून. म्हणजे ताल कोणालाच दिसत नव्हता. ढोल झाकायला गोणपाटसुद्धा नव्हते. काय होणार हे मला तिथेच कळले होते. मी आत गेलो नाही. घरी आलो, चहा घेतला.

आणि त्या सकाळी मैदानावर पाय चुकले तेव्हा मला वाईट वाटले, हे खरे. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडेसे समाधानही होते, हेही खरे. 'आमच्या वेळी असे होत नव्हते,' असे मी शेजारच्या गृहस्थांना म्हणालो. पुढच्या महिन्यात त्या सरांनी किल्ली परत दिली. दोन वर्षे त्या शाळेत बँड वाजला नाही.

मग मला एक प्रश्न पडला आणि तो आजही पुरता सुटलेला नाही. त्या दिवशी चूक कोणाची झाली? ज्याला येत नव्हते त्याची, की ज्याला येत होते आणि जो गप्प राहिला त्याची?

माझे उत्तर तेव्हा तयार होते: "मला कोणी विचारले नाही." हे उत्तर खोटे नव्हते. पण रस्त्यात खड्डा आहे हे मला ठाऊक असताना आंधळा माणूस त्या बाजूने चालला, तर त्याने मला वाट विचारली नव्हती, एवढे सांगून मी सुटेन काय? मिस्साच्या आरंभी आपण विचार, शब्द आणि कृती यांतील पापांबरोबरच, जे करायला हवे होते आणि केले नाही, त्याचीही कबुली देतो. वर्षानुवर्षे मी ते शब्द म्हणत आलो. त्या शब्दांत गोणपाटाचा एक तुकडाही येतो, हे मला उशिरा समजले.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांच्या मनात असतो. "आम्हांला तरी कोणी शिकवले? आम्ही पडत-झडतच शिकलो. नव्यांनीही पडावे, त्याशिवाय माणूस घडत नाही." यात तथ्य आहे. काही गोष्टी चुकल्याशिवाय येतच नाहीत. मुलांना रागावून काय होते आणि हसवून काय होते, हे प्रत्येक शिक्षकाला स्वतःच उमजावे लागते. पण चामडे ओल धरते, हे कळण्यासाठी चारशे लोकांसमोर अपमान व्हावा लागत नाही; ते एका वाक्यात सांगता येते. काही अडचणी माणसाला घडवतात, काही नुसत्याच मोडतात. दोन्हींतला फरक जाणत्याला दिसतो, नवख्याला दिसत नाही. म्हणून तो ओळखण्याची जबाबदारीही जाणत्याचीच. शिवाय नवखा शिक्षक एकटा पडत नाही, त्याच्याबरोबर चाळीस मुले पडतात. त्या मुलांनी तर पडत-झडत शिकायचे कबूल केलेले नसते.

आमच्या मागच्या पिढ्यांना कोणी शिकवले नाही, हेही पूर्ण खरे नाही. गोव्याकडे पाहा. तिथे पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा चालत. तिथला संगीतशिक्षक मुलांना आधी स्वरलेखन वाचायला शिकवी, मग हाती व्हायोलिन देई. मूल मोठे होई, सणाला, लग्नाला, अंत्यविधीला त्याच मास्तरांच्या शेजारी उभे राहून वाजवी आणि न कळत त्यांच्या हाताखाली तयार होई. अशा घरांतून आणि शाळांतून निघालेली माणसे पुढे पोलिसांच्या आणि पलटणींच्या बँडमध्ये गेली, मुंबईच्या सिनेमासृष्टीत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. मुंबईत त्यांनी प्यारेलाल शर्मा यांना व्हायोलिन शिकवले. पुढे १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' चित्रपट आला, तेव्हा संगीतकार झालेल्या त्या शिष्याने एका गाण्यातील नायकाला आपल्या गुरूचेच नाव मिळेल असे पाहिले. सारा देश ते नाव गुणगुणला. ते एका शिक्षकाचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

दुसरे उदाहरण कुरुंदवाडच्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्या काळी संगीत घराण्याच्या भिंतीआड राही. उस्ताद आपली खास चीज मुलाला देत, फार तर जावयाला. पलुस्करांनी ती भिंत पाडली. विशेष म्हणजे त्यांनी नुसते गायक तयार करण्याचे ठरवले नाही. संगीत शिकवणारे तयार करण्यासाठी त्यांनी वेगळा उपदेशक वर्ग चालवला. तेथील विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाचा भार ते स्वतः उचलत. १९१६ साली त्यांनी लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्यपद ओंकारनाथ ठाकूर या आपल्या शिष्याकडे सोपवले. त्या वेळी ओंकारनाथांचे वय होते १९ वर्षे! पलुस्करांवर कर्ज झाले आणि १९२४ साली त्यांच्या मुंबईच्या विद्यालयाची इमारत लिलावात गेली. पण त्यांनी घडवलेली माणसे लिलावात जाणार नव्हती. १९३१ साली ते वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. त्या मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा आपल्या भागातील मुलेमुलीही देत आली आहेत.

ही दोन्ही उदाहरणे सांगण्याचे कारण असे, की शिकवणाऱ्याला शिकवावे लागते, ही गोष्ट आपल्या मातीत नवी नाही. आज सरकारही ते म्हणते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला निदान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे, आणि अनुभवी व निवृत्त अध्यापकांचे मार्गदर्शन मिळावे, असेही सुचवले आहे. हे चांगलेच आहे. पण कोणत्या व्हरांड्यात पाणी येते, कोणता मुलगा घरून जेवून येत नाही म्हणून मोठा ढोल त्याला पेलत नाही, हे प्रशिक्षणवर्गात कोणी सांगणार नाही. ते जवळच्या माणसालाच सांगावे लागते.

मात्र बोलणे म्हणजे सगळे साधले, असेही नाही. जाणत्याचा एक दोष मौन. दुसरा त्याच्या उलट आहे. तो म्हणजे नव्याच्या हातातली काठी हिसकावून घेणे.

तो दोष मला माझ्यात पुढे दिसला. दोन वर्षांनी त्याच शाळेत एक तरुण मॅडम आल्या आणि किल्ली त्यांच्याकडे गेली. या वेळी मी बोलावण्याची वाट पाहिली नाही. एका संध्याकाळी गेलो, ओळख करून दिली, म्हणालो, "मॅडम, हरकत नसेल तर मी सरावाला बसेन." त्या म्हणाल्या, "सर, बसा ना. मला तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये." हे वाक्य ऐकून मला त्या आधीच्या सरांची आठवण झाली. ते असे म्हणू शकले नव्हते. कदाचित विचारले तर हसतील, असे त्यांना वाटले असेल. आणि मी खरेच हसलो असतो, कोणास ठाऊक. नवख्याला विचारण्याची लाज वाटते ती बहुधा जुन्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच.

पहिला आठवडा ठीक गेला. मग मॅडमनी ठरवले, की बँडमध्ये हलगी घ्यायची आणि शेवटी लेझीम. मी म्हणालो, "शाळेच्या बँडमध्ये हलगी नसते." त्या म्हणाल्या, "सर, पण आमच्या चार पोरांना ती घरचीच येते." मी काठी उचलून दाखवायला निघालो होतो, की खरा ठेका कसा असतो. तेवढ्यात त्या चार पोरांकडे लक्ष गेले. बावीस वर्षांत माझ्या बँडमध्ये ती पोरे कधी पुढच्या रांगेत नव्हती. मी खाली बसलो. बसणे मला सोपे गेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

या बाबतीत मला बर्णबाची गोष्ट फार आधार देते. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पाहा. शौलाला यरुशलेममध्ये सगळे भीत होते, तेव्हा बर्णबाने त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेले. पुढे तो तार्सला जाऊन शौलाला शोधून अंत्युखियाला घेऊन आला. शौलाने विनंती केली होती, असे तिथे लिहिलेले नाही. आधी दोघांची नावे येतात ती 'बर्णबा आणि शौल' या क्रमाने. काही अध्यायांनंतर बहुतेक ठिकाणी क्रम उलटतो, पौल आधी आणि बर्णबा मागे. बर्णबाने याबद्दल कुरकुर केल्याचे कुठेही नाही. त्याने कुरकुर केली ती एकदाच, आणि ती दुसऱ्यासाठी. योहान मार्क नावाचा तरुण पहिल्या प्रवासात अर्ध्यावरून घरी परतला होता. पौल त्याला पुन्हा बरोबर घ्यायला तयार नव्हता. बर्णबाने पौलाची साथ सोडली, पण त्या चुकलेल्या तरुणाला सोडले नाही. त्याला घेऊन तो सायप्रसला गेला. आणि पुढे तीमथ्याला लिहिताना पौलानेच मार्क आपल्याला सेवेसाठी उपयोगी आहे असे कळवले. एका अपयशावरून माणसाची किल्ली काढून घ्यायची नसते, हे बर्णबाला कळले होते.

त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला मी मैदानावर मागे, कडुलिंबाखाली उभा राहिलो. ढोल रात्री वर्गात, गोणपाटाखाली ठेवले होते. हलगी कडाडली तेव्हा लोक उठून पाहू लागले. राष्ट्रगीताच्या वेळी मी मनातल्या मनात सेकंद मोजले. चारपाच सेकंद जास्त लागले. दुसऱ्या दिवशी मॅडमनीच विचारले, "सर, थोडे रेंगाळले ना?" मी म्हणालो, "थोडे." आणि मग आम्ही त्यावर बसलो.

एक काम मात्र माझ्याकडून राहूनच गेले. त्या आधीच्या सरांची नंतर बदली झाली. त्यांचा पत्ता मिळवायला मला अवघड नव्हते. पण आपण त्यांना काय सांगणार, असे म्हणत मी ते पुढे ढकलत राहिलो. हा लेख लिहिताना ठरवले आहे, की या आठवड्यात त्यांना फोन करायचा.

बंधुभगिनींनो, आपल्यातील कोणी निवृत्त शिक्षक असेल, कोणी परिचारिका, कोणी गवंडी, कोणी आपल्या गायकवृंदात वर्षानुवर्षे पेटी वाजवणारे असेल. आपण ज्या कामात मुरलो, त्या कामात यंदा कोणीतरी नवे माणूस लागले असेल आणि त्याच्या हातात किल्ली देऊन सगळे निघून गेले असतील. ते आपल्याला विचारायला येईलच असे नाही. त्याच्या दारावरून जाताना आपण आत डोकावणार की घरी जाऊन चहा घेणार, एवढेच ठरवायचे आहे.