दुखणे आणि अडणे

कंबरेच्या मणक्यावरील शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेविषयी मराठवाड्यात जे बोलले जाते, त्यात एकीकडे 'वेदनारहित शस्त्रक्रिया' असे ठळक अक्षरांत छापलेले फलक असतात आणि दुसरीकडे 'गादी काढली म्हणजे चार दिवस ठणका लागणारच' हे समजूतदार भासणारे उत्तर असते. फलकांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पाठीचे स्नायू हाडापासून सोडवून केलेली शस्त्रक्रिया वेदनारहित नसते, हे ती करणाऱ्यांनाही ठाऊक असते. दुसऱ्या उत्तरामागे सोसण्याचे कौतुक आहे: 1993 च्या भूकंपानंतर सास्तूर-किल्लारीकडच्या माणसांच्या सोशिकतेचे जे गोडवे गायले गेले, त्यांतूनही सोसणे हा जणू उपचारच आहे, असा समज बळावला.

जखमेत भुलीचे औषध टोचण्यावरचा विचार करायला लावणारा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो रोज शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडून येतो. टाके घालण्यापूर्वी जखमेच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंत ब्युपिवाकेनसारखे स्थानिक भुलीचे औषध, म्हणजे शुद्ध न घालवता तेवढाच भाग बधिर करणारे औषध, टोचले तरी त्याचा परिणाम साधारण सहा-आठ तासांत उतरतो. मग रात्री जो ठणका लागायचा तो लागतोच, तर हा खटाटोप कशासाठी, असा तो आक्षेप. 1884 साली व्हिएन्नात कोलर या डॉक्टरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला, 1943 मध्ये लिग्नोकेन आले, 1957 मध्ये ब्युपिवाकेन आले, आणि तरीही या औषधांचे मोल घड्याळाच्या काट्यांवरच ठरवले जाते, हे आश्चर्याचे आहे.

आक्षेपातला आकडा खरा आहे. चूक आहे ती सगळे तास सारख्याच मोलाचे धरण्यात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत रुग्णाला कमरेला पीळ न देता अख्खे अंग एकदम फिरवून कुशीवर वळायचे असते, दीर्घ श्वास घेऊन खोकायचे असते, लघवी करायची असते आणि जमल्यास त्याच संध्याकाळी आधाराने उभे राहायचे असते. या प्रत्येक ठिकाणी पाठीचे स्नायू आवळून येतात, कळ मस्तकात जाते आणि रुग्ण जागच्या जागी गोठतो. निपचित पडलेल्या रुग्णाला फारसे दुखत नसेलही, त्याचे अडते. दुखणे आणि अडणे यांतला हा भेद बोलीभाषेला चांगला कळतो, पण शून्य ते दहाच्या मापनपट्टीवर एकच आकडा नोंदवणाऱ्या केसपेपरला तो कळत नाही. भूम किंवा परंड्याकडच्या ऊसतोड बाईला पडल्या पडल्या 'किती दुखतंय' विचारले, तर ती डॉक्टरांचा मान राखून 'बरं हाय' म्हणते आणि आकडा दोन लिहिला जातो. वळायला सांगितल्यावर ती काय करते, हे कोणी लिहून ठेवत नाही.

दुखणे रोखताना पाय अडू नयेत, याची सोय शरीररचनेतच आहे. मणक्यातून बाहेर पडलेला प्रत्येक मज्जातंतू दुभंगतो: त्याची जाड अग्रशाखा कमरेच्या भागात पायाकडे जाते, बारीक पृष्ठशाखा पाठीचे स्नायू आणि त्वचा यांकडे वळते. छेद पृष्ठशाखेच्या मुलखात असतो, आणि नेमके प्रमाण राखून स्नायूंत टोचलेले औषध बहुतांशी तिथेच थांबते. म्हणूनच शुद्धीवर आल्यावर 'पायाचा अंगठा वर उचला' असे सांगितले की रुग्ण तो उचलू शकतो. ही तपासणी उपचार नसली तरी मोलाची असते, कारण आत रक्त साकळून मज्जातंतू दाबला जात असेल तर पायाची शक्ती जाऊ लागते. मणक्याच्या पोकळीत नळी ठेवून दिलेल्या भुलीने पायच जड झाले, तर हा इशारा झाकला जाऊ शकतो.

सोनोग्राफीत पाहून मज्जातंतूंजवळ औषध टोचण्याचा, म्हणजे 'ब्लॉक'चा, कोणता प्रकार श्रेष्ठ, 2015 साली मांडलेला की 2016 सालचा, हा परिषदांतला वाद इथे बाजूला ठेवलेला बरा. दोन्हींना सोनोग्राफी यंत्र लागते, आणि लिंगनिदान रोखण्यासाठी 1994 साली झालेल्या कायद्याखाली अशा यंत्राची नोंदणी आवश्यक असल्याने ते शस्त्रक्रियागृहात सहज फिरवता येत नाही. जखमेत औषध टोचायला एक सुई आणि वजनाचा हिशेब पुरतो. हा हिशेब मात्र टाळता येत नाही: ब्युपिवाकेनची दर किलोमागे 2 मिलिग्रॅम ही नेहमीची मर्यादा धरली तर 45 किलोच्या बाईला 90 मिलिग्रॅम, म्हणजे पाव टक्क्याच्या द्रावणाचे 36 मिलिलिटर, त्याहून अधिक नाही. चुकून औषध शिरेत गेले तर ओठ बधिर होतात, कानात घुं घुं होते, आणि पुढे हृदयावर बेतते. अशा वेळी द्यायचे चरबीयुक्त द्रावण हाताशी असल्याशिवाय ही सुई उचलू नये.

मॉर्फिन आहेच की, असे म्हणणे सोपे आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने त्याची वाट अवघड केली, 2014 च्या दुरुस्तीने ती काहीशी मोकळी केली, तरी लहान रुग्णालयांना साठा ठेवणे आजही जिकिरीचे वाटते.

आक्षेपकांचे एवढे मान्य करावे लागेल की ही सुई पुढच्या सहा महिन्यांची पाठदुखी बदलेल असा भरवसा देता येत नाही. वेदना आधीच रोखली तर मज्जासंस्था हळवी होणार नाही, ही 1988 साली वेदनेचे अभ्यासक पॅट्रिक वॉल यांनी मांडलेली आशा पुढच्या चाचण्यांत तशी उतरली नाही. पण पुढच्या हंगामात कोयता हाती धरता येईल का, हे शस्त्रक्रिया कशी झाली आणि बाईला विसावा किती मिळाला यावर ठरते. सुईकडे ते काम कधी नव्हतेच.

परिणाम उतरतो म्हणून सुई व्यर्थ ठरत नाही. फक्त तो उतरण्याची वेळ कोणाला तरी माहीत असावी लागते. औषध कधी टोचले, हे भूलतज्ज्ञाच्या कागदावर असते आणि तो कागद फाइलच्या तळाशी जातो. वॉर्डातल्या केसपेपरवर पॅरासिटामॉलच्या गोळीपुढे वेळ लिहिलेली नसते, 'दुखल्यास' एवढेच लिहिलेले असते. आणि बाई हाक मारेपर्यंत रात्रपाळीची परिचारिका वाट पाहते.