कर्माआधी फळ नाही

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि शेजार मिळाला कीर्तनकाराचा. बुवांचा ठरलेला टोमणा असतो, "सर, आमचा नारद मनोवेगानं त्रैलोक्य फिरतो. तुमच्या प्रकाशापुढे मात्र कुणी जायचं नाही, हे कसं?"

बुवा, अडचण इंजिनाची नाही, कर्मसिद्धान्ताची आहे. सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर ही मर्यादा ओलांडून एखादा निरोप गेला, तर वेगाने चाललेल्या कुणा ना कुणाला तो निघण्याआधीच पोचलेला दिसेल. म्हणजे फळ आधी, कर्म मागाहून. सापेक्षता मानली की यातून सुटका नाही.

1962 साली बिलानिउक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी प्रकाशाहून वेगाने जाणाऱ्या कणांचा गंभीरपणे विचार केला. (टॅकिऑन हे नाव 1967 मध्ये फाइनबर्गने दिले.) त्या तिघांनी काढलेली तोड मोठी चतुर आहे. कण काळात उलटा येताना दिसला, तर तो सुलटाच जातोय असे वाचायचे. पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल करायची. हिशेब जुळतो, पण मग कर्ता कोण? एकाच्या लेखी बाण मी सोडला, दुसऱ्याच्या लेखी तो मला लागला. गणिताला चालेल, पापपुण्याच्या वहीत तो कुणाच्या नावावर मांडायचा? असा कण अजून सापडलेला नाही. 2011 मध्ये सर्न प्रयोगशाळेतून ग्रान सासोच्या प्रयोगशाळेत न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर पोचल्याची बोंब झाली, तेव्हा मुख्य दोषी निघाली एक नीट न बसलेली केबल.

कृष्णविवराचेही तेच. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी आहे ते सुमारे 40 लाख सूर्यांच्या वजनाचे. त्याचे क्षितिज ओलांडले की केंद्र ही जागा राहत नाही, तो आपला भविष्यकाळ होतो. बाहेर यायचे तर प्रकाशाला मागे टाकायला हवे, म्हणजे गेलेल्या काळात शिरायला हवे. केलेले पुसून टाकण्याची माणसाची इच्छा आणि विवरातून निसटण्याची धडपड मला एकच वाटते.

पुढच्या काळात मात्र जाता येते. बुवांनी भागवतातला ककुद्मी राजा सांगावा. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो तिच्यासह ब्रह्मलोकी गेला, गाणे संपेपर्यंत थांबला, तेवढ्यात पृथ्वीवर 27 चतुर्युगे उलटली. मनात धरलेले सगळे वर केव्हाच गेले होते. ब्रह्मदेवाने त्याला मागच्या काळात धाडले नाही. बलरामाचे नाव सुचवले, आणि रेवतीचे लग्न त्याच्याशी झाले.