मडक्यांतलें मूठभर पीठ

(वाचावयाचा शास्त्रभाग : १ राजे १७:७-२४)

कापसाच्या दुसऱ्या वेचणीच्या सुमारास आम्ही हिंगणघाट तालुक्यांतील एका गांवीं घरभेटीस गेलों होतों. परतीच्या पावसानें पऱ्हाटीवरचीं बोंडें काळीं पडलीं होतीं. एका विश्वासी कुटुंबांत आम्हीं प्रार्थना केली आणि आमच्या संवयीप्रमाणें देवाच्या उपकारांविषयीं चार शब्द बोललों. विहिरीला पाणी आहे, लेंकरें धडधाकट आहेत, सकाळीं डोळे उघडले हीच कृपा, असें आम्हीं सांगितलें. घरची बाई चुलीपुढें बसून ऐकत होती. ती शांतपणें म्हणाली, "पाळकसाहेब, आभार मानाले मी तयार हावो; पण सावकाराले आभार चालत नाई."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. चहा घेऊन आम्ही निघालों, परंतु तें वाक्य घरापर्यंत आमच्या बरोबर आलें, आणि पुढें कित्येक आठवडे उपदेशपीठावर चढतांना तें आमच्या आधीं चढत असे.

आमचा जिल्हा कापसाचा. एकोणिसाव्या शतकांत हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारांतहि नांवाजलेला होता. त्याच जिल्ह्याचें नांव पुढें निराळ्याच यादींत आलें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें जुलै २००६ मध्यें केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांकरितां मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम यांच्या बरोबरीनें वर्धाहि होता. त्यानंतर २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भाच्या कापसाची दैना केली, ती आपण विसरलों नाहीं. ज्या घरांतील कर्ता पुरुष कर्जापायीं जिवास मुकला, त्या घरीं बसून लहानसहान सुखांची यादी वाचून दाखवणें ही सुवार्ता नव्हे. तें पोट भरलेल्या माणसाचें बोलणें आहे. आणि आम्ही त्या दिवशीं दुपारचें जेवण करूनच गेलों होतों.

म्हणून आम्हीं शास्त्र पुन्हा उघडलें, आणि सारफथची विधवा आम्हांस जणूं प्रथमच भेटली. एलीया करीथ ओढ्याकांठीं राहिला होता. कावळे त्यास सकाळसंध्याकाळ अन्न आणीत. पण पाऊस नसल्यामुळें तो ओढाहि आटला. ध्यानांत घ्या, संदेष्ट्याचासुद्धां ओढा आटला! चैत्रवैशाखांत आपल्याकडचे नाले पाहिलेल्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. मग देवानें त्यास परमुलखांत, सीदोन प्रांतीं, एका विधवेकडे धाडलें. ती वेशीजवळ काटक्या वेंचीत होती. कशासाठीं? मडक्यांत उरलेल्या मूठभर पिठाची भाकर करावी, ती आपण व मुलानें खावी आणि मग मरावें, यासाठीं. तिचा हिशेब पुरा झाला होता, आणि तो चुकीचाहि नव्हता. आमच्या कित्येक शेतकरी बंधूंनीं रात्रीं कंदिलाच्या अथवा विजेच्या उजेडांत केलेला हिशेब असाच असतो: बँकेचें इतकें, कृषी केंद्राची उधारी इतकी, मुलीचें लग्न, आणि शेवटीं शून्य.

आतां देवानें काय केलें, हें नीट पाहा. त्यानें तिच्या अंगणांत गव्हाचीं पोतीं उतरविलीं नाहींत. मडकें कांठोकांठ भरलें, असेंहि शास्त्र म्हणत नाहीं. पीठ सरलें नाहीं, एवढेंच सांगितलें आहे. म्हणजे उद्यांचें पीठ तिला आज दिसलें नाहीं. रोज सकाळीं तिनें मडक्यांत हात घालावा, तळाशीं बोटें लागावीं, आणि आजच्यापुरतें निघावें. पाऊस पडेपर्यंत हें असेंच चाललें. ज्यास आम्ही लहान आशीर्वाद म्हणतों, तो तिला लहान नव्हता. त्या दिवसाचें सगळें जीवन त्या मुठींत होतें. रानांत इस्राएलास मान्ना मिळाला, तोहि दरडोई एक ओमर, आजच्या मापानें सुमारें दोन लिटर. अधिक गोळा करणाऱ्याचें शिल्लक उरलें नाहीं, थोडें गोळा करणाऱ्यास कमी पडलें नाहीं. आणि उद्यांसाठीं झांकून ठेवलेल्यांत किडे पडले. प्रभूनेंहि आपल्या शिष्यांस भाकर मागावयास शिकविली ती रोजची.

माणसाचें दुःख वर्षाच्या मापानें येतें. कर्जाची वही मार्चअखेरीस उघडते. देवाची कृपा मात्र बहुधा दिवसाच्या मापानें येते. वर्षाचें देणें एका रात्रींत उचलावयास जो वांकतो, त्याची पाठ मोडते. अशा माणसास आम्ही दोष देत नाहीं, व कोणा मंडळीनेंहि देऊं नये. पण ज्याच्या मनांत आज तो काळा विचार घोळत आहे, त्यास आमची हात जोडून विनंति आहे कीं, आजची रात्र एकट्यानें काढूं नको. शेजाऱ्यास उठव, उपदेशकाचें दार ठोठाव, आमच्या दारीं ये. मध्यरात्र असली तरी ये.

उपदेशक बंधूंनो, येथें तुमच्याशीं थोडें निराळें बोलावयाचें आहे. एलीयानें त्या विधवेस आपणासाठीं आधीं एक लहान भाकर मागितली, हें वचन धरून गरिबाच्या ताटांतली भाकर आपल्याकडे ओढणारे उपदेश आम्हीं ऐकले आहेत. ही लबाडी आहे. एलीया स्वतः उपाशी होता आणि पुढें तो तिच्याच घरीं, तिच्याच मडक्यांतलें खाऊन राहिला. जो तिच्या बरोबर उपाशी राहावयास तयार नाहीं, त्यानें हा पाठ घेऊंच नये. शिवाय पुढचा भाग गाळूं नका. त्याच घरांत पीठ सरत नव्हतें, तरी मुलगा आजारी पडला व मेला. आणि त्या बाईनें देवाच्या माणसास कडू शब्द सुनावले. एलीयानें तिला गप्प केलें नाहीं. त्यानें मुलाला उचलून माडीवर नेलें आणि तिचीच तक्रार आपल्या तोंडानें देवापुढें मांडली. मगच प्रार्थना ऐकली गेली.

आणखी एक गोष्ट. त्या बाईला कृपा एका माणसाच्या हातून मिळाली, आणि त्या माणसाला तिच्या हातून. पंडिता रमाबाईंनीं तरुणपणीं दुष्काळांत आईबाप गमावले, उपास काढले. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत आल्या, आणि निराधार मुलींस व विधवांस केडगांवास घेऊन गेल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हां त्याच प्रांतांत मोडत असे. भूक काय असते हें जिला ठाऊक होतें, तिचाच हात पुढें आला. दूर मिझोरामांत १९१० सालापासून मंडळीच्या स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ देवासाठीं बाजूस काढतात. गरीब घरांतील त्या मुठींवर तेथील मंडळीचें पुष्कळ कार्य उभें राहिलें. आपल्याकडे तांदूळ नसेल, ज्वारी आहे. मात्र आमचें मत असें कीं, ती मूठ मंडळीच्या पेटींत येण्यापूर्वीं ज्या घरीं चूल पेटली नाहीं त्या घरीं जावी. वडीलमंडळींपैकीं कोणास हें रुचणार नाहीं. त्यांनीं आम्हांस खुशाल पत्र लिहावें.

उन्हाळ्यांत आम्ही त्या गांवीं पुन्हा गेलों. ऊन असें कीं, डांबरावर चपलेचा ठसा उमटत होता. ती बाई ज्वारीचें पीठ चाळीत होती. आम्हीं विचारलें, कर्जाचें काय झालें? "अजून हायच," ती म्हणाली. पीठ मळण्यापूर्वीं तिनें एक मूठ काढून निराळ्या डब्यांत टाकली. तो डबा पलीकडच्या घरासाठीं होता. तेथील कर्ता माणूस पोळ्याच्या आधींच गेला होता. तिनें आम्हांस भाकर व तुरीचें वरण वाढलें. आम्ही या खेपेस उपाशी आलों होतों, म्हणून कीं काय, पण तशी भाकर आम्हीं पुष्कळ दिवसांत खाल्ली नव्हती.

जेवण झाल्यावर आम्हीं शास्त्र उघडलें नाहीं. प्रार्थना तिनेंच केली. ती लहानशीच होती, आणि तींत सावकाराचेंहि नांव होतें.