फळी कुजकी की काळी?

हार्टलपूलला गेलात तर एचएमएस ट्रिंकोमाली जरूर पाहा. मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी सागवानात बांधलेलं हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं आणि अजून तरंगतंय. १९८७ साली इथे आलं तेव्हा मात्र पार खंगलेलं होतं. १९९० साली हाती घेतलेली दुरुस्ती २००१ पर्यंत चालली.

मग आता ते मुंबईचं म्हणायचं का? थीसियसच्या जहाजाबद्दल प्लुटार्कनेही हाच वाद नोंदवलाय: कुजलेल्या फळ्या बदलत गेलं, तर उरतं ते जुनंच जहाज का? तत्त्वज्ञ अजून भांडताहेत. सुताराला तेवढी सवड कुठली? त्याला हातातल्या फळीपुरतं ठरवायचं असतं: ही कुजलीय, की नुसती काळी पडलीय? चांगली काढली तरी नुकसान, कुजकी ठेवली तरी नुकसान.

हे तुम्हाला का सांगतोय? माझी लेक लेस्टरची. फोनवर म्हणायची, "आजी, मी तुला मिस करते." मी लगेच टोकायचो, "आठवण येते म्हण." होता होता ती फोनवर गप्पच बसायला लागली. शेवटी आईच म्हणाली, "अरे, बोलू दे तिला. मला कळतं."

फळी परक्या लाकडाची होती खरी, पण पाणी आत येऊ देत नव्हती. मी तीच उपटत होतो.

आता 'मिस'ला हात लावत नाही. 'आजी'ची 'ग्रॅनी' झाली, तर मात्र टोकेन.