ऋण कोणते बुडवावे?

आज एक घरगुती प्रश्न घेऊ. वय वाढते, मन बदलते आणि काल जिवाभावाचा असलेला माणूस आज परका वाटू लागतो. हे पाप म्हणावे की प्रपंचाचा धर्मच?

आम्हा मुळशीकरांना पांगणे नवे नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तरी टाटांचे धरण झालेच आणि गावे पाण्याखाली गेली. तिथे माणसे पाण्याने पांगली. पण एकाच आळीत राहून माणसे मनाने पांगतात, तिथे दोष कोणाला द्यावा?

माझा एक बालमित्र आहे. आम्ही एकत्र गुरे राखली. पुढे मी पाठशाळेत गेलो, तो भातखाचरात राहिला. मला व्याकरणाची गोडी लागली, कीर्तने मिळू लागली. त्याचे बोलणे मला पोरकट वाटू लागले. एका सप्ताहात तो म्हणाला, "महाराज, चहा घेता का?" एकेकाळी "अरे" म्हणणारा! मला राग आला. वाटले, हाच दूर गेला.

त्याचे वडील वारले तेव्हा दहाव्याला प्रवचन माझेच होते. देहाच्या नश्वरतेवर तासभर बोललो, पाकीट घेतले आणि पुढच्या कीर्तनाला गाडीत बसलो. अर्ध्या वाटेत आठवले : मला पहिल्यांदा आळंदीला पायी नेऊन पाठशाळेत बसवणारे हेच गृहस्थ. त्या वेळी माझी वळकटीसुद्धा त्यांच्याच खांद्यावर होती. मी त्यांचे नावही प्रवचनात धड घेतले नव्हते.

आता तुकोबारायांकडे पाहा. चरित्रकार सांगतात, दुष्काळानंतर तुकोबा विरक्त झाले, कान्होबांनी त्यांना डोंगरावरून शोधून आणले. इंद्रायणीकाठी येणे असलेल्या खतांची वाटणी झाली. तुकोबांनी आपला अर्धा वाटा डोहात सोडला, कान्होबांचा त्यांच्याच हाती राहू दिला.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, बुडवले ते लोकांकडून येणे होते. स्वतःचे देणे नव्हे. दुसरी, मला वैराग्य झाले म्हणून तूही हो, असे भावाला म्हटले नाही. दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या, पण भाऊपण राहिले. हेच कान्होबा पुढे कीर्तनात त्यांच्या मागे उभे राहिले.

ऋणानुबंध शब्दात 'ऋण' आधी आहे, ते उगाच नाही. मन बदलले तर गप्पांची गोडी जाईल, एकत्र बसणे कमी होईल. त्यात पाप नाही. भात एका खाचरात पेरतात आणि उपटून दुसऱ्यात लावतात. ते पहिल्या खाचराचे वैर नव्हे. पाप तेव्हा, जेव्हा आपले येणे घट्ट धरून आपण देणे बुडवतो. "त्याने मला पूर्वीसारखे 'अरे' म्हणावे," हे माझे येणे होते. वडिलांच्या मरणात त्याच्याजवळ बसणे हे माझे देणे होते. मी नेमके उलटे केले.

यंदा लावणीच्या दिवसांत त्याच्या बांधावर जाऊन बसलो. म्हटले, "तुझ्या वडिलांचे माझ्यावर फार आहे. त्या दिवशी मी चुकलो." तो रोपाची जुडी सोडत राहिला. मग म्हणाला, "महाराज, भाकर खाऊन जा." बोलण्यासारखे फार काही निघाले नाही. 'महाराज' म्हणणेही त्याने सोडले नाही. मी ते मागितले नाही. भाकरी मात्र दोघांनी एकाच फडक्यावर खाल्ली.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा समोरच्याचे ज्ञान विचारत नाही. तेवढे घरी, गावातही सांभाळले तरी पुष्कळ.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.