सोसणे आणि सांगणे

आपल्या घरांत कर्करोगाचे नाव अजूनही दबक्या आवाजात घेतले जाते. ‘मोठा आजार’ एवढे म्हटले की ऐकणारा काय ते समजतो. शस्त्रक्रिया होते, केस जातात, पुन्हा येतात, शेजारीपाजारी भेटून जातात, पॅरिशमध्ये नावाने मिस्सा होते आणि सारे सुटकेचा निःश्वास टाकतात. नेमके तेथूनच त्या माणसाचे एकाकीपण सुरू होते. कारण पुष्कळांच्या बाबतीत उपचार तेथे संपलेला नसतो. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी, पाच वर्षे, दहा वर्षे, काहींना जन्मभर. माणूस बाहेरून बरा दिसतो. बाजारात जातो, रविवारी आपल्या नेहमीच्या बाकावर बसतो. आत मात्र रोज काहीतरी झिजत असते. अशा लांबलेल्या उपचारात ख्रिस्ती माणसाने किती सोसावे आणि किती बोलावे, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

या गोळ्यांचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे टॅमॉक्सिफेन हे औषध १९६२ साली इंग्लंडमध्ये गर्भनिरोधक म्हणून शोधले गेले. त्या कामी ते निरुपयोगी ठरले आणि पुढे लक्षावधी स्त्रियांचे प्राण त्याने वाचवले. ते पाच वर्षे, कित्येकींना दहा वर्षे घ्यावे लागते. अंगातून अचानक उष्णतेच्या लाटा उठतात, रात्री घामाने झोपमोड होते. त्याच आजारावरील लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे आखडतात. गुडघे टेकून प्रार्थना करण्याची आयुष्यभराची सवय असलेल्या बाईला मिस्सेत बसून राहावे लागते आणि मागच्या बाकावरून कोणीतरी पाहत असते. केपसिटाबिन नावाच्या गोळीने हातापायांचे तळवे लाल होतात, सोलवटतात. सातपाटीच्या मासळीचा वाटा साफ करणाऱ्या हातांना मीठ लागले की काय होत असेल ते सांगायला नको. काहींच्या बोटांवरचे ठसेच पुसट होतात, आणि मग रेशनच्या दुकानातील यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही. औषधाच्या डबीतील चिठ्ठीत रेशनचा उल्लेख नसतो.

आणि आपल्या अंगणातली सदाफुली? मादागास्करहून आलेले हे झाड कुंपणाशी, दफनभूमीत, कोठेही फुलते. त्याच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन १९६० च्या दशकापासून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरले जाते. त्याने मुले वाचतात. त्यानेच बोटांना मुंग्या येतात, शर्टाचे बटण लावता येत नाही. जुन्या करारातील बेनसिराच्या ग्रंथात, अडतिसाव्या अध्यायात, वैद्याचा मान राखावा आणि परमेश्वराने भूमीतून औषधे निर्माण केली आहेत असा विचार येतो. हा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बंधूंच्या नाही. भूमीतून आलेले औषध कडूही असते, हे त्या शहाण्या माणसाने वेगळे नोंदवलेले नाही. त्याच्या वाचकांना ते ठाऊकच असावे.

पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे आपल्या दारातले केंद्र आणि आपले रुग्ण जेथे जातात ते रुग्णालय, दोन्ही एकाच सरकारी विभागाच्या छत्राखाली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची मूळ द्रव्ये तयार करणारे कारखानेही आहेत. येथे कर्करोग म्हटले की लोकांचे बोट लगेच केंद्राकडे नाहीतर कारखान्यांच्या सांडपाण्याकडे वळते. तो वाद महत्त्वाचा आहे, पण तो पुराव्यानिशी, शास्त्रज्ञांनी आणि प्रशासनाने सोडवायचा आहे. आजारी माणसाच्या खाटेशी बसून नव्हे. त्याला आज हवी असते ती पहाटेची गाडी. शंभरएक किलोमीटर दूर परळला जायचे, रांगेत उभे राहायचे, रक्त तपासून घ्यायचे, गोळ्या घेऊन संध्याकाळच्या गर्दीत परतायचे. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागल्या, हे खरे. पण मळमळणाऱ्या माणसाला विरारनंतरची गर्दी लोकलची काय आणि पॅसेंजरची काय. कंत्राटी कामगाराचा त्या दिवसाचा रोजही बुडतो. हाही औषधाचा दुष्परिणामच म्हणायला हवा.

गोळ्यांच्या किमतीची कथा तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर इमॅटिनिब हे औषध आले, त्याला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पूर्वी ज्या आजारात माणूस काही वर्षांतच जात असे, त्यात रोजच्या गोळीवर दीर्घकाळ संसार करता येऊ लागला. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांच्या आसपास मिळे. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. कोणा अनोळखी रुग्णासाठी वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढणे हेही शेजारधर्माचेच काम आहे, आणि आपल्या प्रवचनांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो याचे मला नवल वाटते.

पण गोळी परवडली, घरी आली, तरी ती गिळली गेली पाहिजे. आणि येथे आपला मूळ प्रश्न येतो. इमॅटिनिबने डोळ्यांभोवती सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात, थकवा पाठ सोडत नाही. अशा वेळी माणूस काय करतो? पुष्कळदा तो कोणालाच काही बोलत नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस गोळी टाळतो आणि डॉक्टरांना सांगतो, ‘सगळे ठीक आहे.’ त्यात फसवण्याचा हेतू नसतो. इतके मोठे संकट टळले, घरच्यांनी दागिने मोडले, आता पायांतल्या गोळ्यांची काय तक्रार करायची, असे त्याला वाटते. आपण ख्रिस्ती माणसे त्यात आणखी भर घालतो. ‘बाई, हा तुझा क्रूस आहे, प्रभूला अर्पण कर.’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते की बोलणाऱ्यालाही त्याचे वजन जाणवत नाही.

दुःख प्रभूला अर्पण करता येते, यावर माझा विश्वास आहे. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक प्रेषितीय पत्रच लिहिले. मात्र जे दुःख एका वाक्याने, डॉक्टरला उच्चारलेल्या एका वाक्याने, हलके होऊ शकते ते मुकाट्याने सोसणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे. मात्रा बदलता येते, गोळीची वेळ बदलता येते, मळमळीवर दुसरे औषध असते, कधी पर्यायी औषधही असते. हे सारे न सांगणाऱ्याला मिळत नाही. आणि चुपचाप टाळलेली गोळी आजाराला पुन्हा वाट करून देते.

शुभवर्तमान नीट वाचले तर आपल्या प्रभूने मौनाचा असा आदर्श घालून दिलेला दिसत नाही. गेथसेमनी बागेत त्याने प्याला दूर करण्याची विनंती पित्याकडे केली, आणि झोपी गेलेल्या शिष्यांना जाब विचारला. तो एकटा राहू इच्छीत नव्हता. क्रुसावर असताना त्याने आपल्याला तहान लागल्याचे मोठ्याने सांगितले. कोणी म्हणेल, त्याने क्रुसावर चढण्यापूर्वी बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला. खरे आहे, मार्कने ते लिहिले आहे. पण ती त्याची स्वतःची निवड होती, दुसऱ्याने त्याच्यावर लादलेली नव्हती. आणि पुढे त्याने आंब स्वीकारली. बारावे पायस यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना हाच भेद स्पष्ट केला होता: वेदना स्वेच्छेने पत्करणे ही वेगळी गोष्ट, आणि वेदनाशामक घेणे ख्रिस्ती माणसाला वर्ज्य आहे असे मानणे वेगळी. योब तर अध्यायामागून अध्याय देवाशी वाद घालतो, आणि अखेरीस देव त्याच्या मित्रांवर रागावतो, त्याच्यावर नव्हे. त्या मित्रांनी दुःखाची कारणे समजावून सांगितली होती. आपणही आजाऱ्याला भेटायला जातो तेव्हा बहुधा तेच करतो.

अबोल राहणाऱ्यांचा मी अवमान करीत नाही. काही माणसांचा पिंडच तसा असतो. आपल्या आजोबा-आजींच्या पिढीत शेतात विळा लागला तर हळद दाबून पुन्हा कामाला लागत. त्या शांततेत एक थोरवी होती. परंतु जखम दिसत होती, घरच्यांना ठाऊक होती. गोळीचे दुखणे दिसत नाही.

त्याहून कठीण गोष्ट म्हणजे घराने उभारलेली भिंत. ‘पेशंटला सांगू नका, धीर सोडेल,’ असे मुलगा डॉक्टरांच्या कानात सांगतो. आईला सांगितले जाते, रक्त कमी आहे, त्याची गोळी आहे. आता रक्त वाढवणारी गोळी घेऊन तोंडाला धातूची चव का येते, सुक्या बोंबलाचा वास का सोसवत नाही, हे त्या बाईने कोणाला विचारावे? ती गोळी बंद करते, कारण तिच्या हिशेबाने ती गोळीच तिला आजारी पाडते आहे. चूक तिची नाही. मुलाचे प्रेम खोटे नाही, पण त्या प्रेमाने आईच्या हातून तिचाच आजार काढून घेतला आहे. आणि आई मनातून बहुधा सारे ओळखून असते. मुलाला धीर राहावा म्हणून तीही बोलत नाही. एकाच घरात दोघे एकमेकांना सांभाळत एकमेकांपासून दूर जातात.

उपचार थांबवण्याचा प्रश्नही याच भिंतीशी येऊन अडतो. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात ख्रिस्तसभा स्पष्ट सांगते की फार जाचक, धोकादायक किंवा अपेक्षित फळाच्या मानाने अवाजवी असे उपचार थांबवणे योग्य ठरू शकते. तो मृत्यू ओढवून घेणे नव्हे, तो अटळ असल्याचे मान्य करणे होय. आणि हा निर्णय, रुग्ण भानावर असेल तर, त्याने स्वतः घ्यायचा आहे. ज्याला आजाराचे नाव माहीत नाही त्याने हा निर्णय कसा घ्यावा? इमॅटिनिब घेणाऱ्या काही रुग्णांत आजार दीर्घकाळ पूर्ण आटोक्यात राहिला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित तपासण्या करीत, गोळी थांबवून पाहता येते. काहींना ती पुन्हा सुरू करावी लागते. हे थांबवणे आणि चोरून टाळणे यांत फरक आहे तो गोळीचा नाही, संभाषणाचा आहे. आणि जेथे औषधाचा उपयोग उरलेला नाही तेथेही सेवा संपत नाही. टाटा स्मारकातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली वांद्र्यात उभे राहिलेले शांती अवेदना सदन, देशातील अशा प्रकारचे पहिले, हे आपल्याला अभिमानाने ठाऊक असायला हवे. तेथे जाणे म्हणजे हार मानणे, हा समज मात्र अजून गेलेला नाही.

मग पॅरिशने काय करावे? चांगल्या शेमरोनी माणसाचा दाखला आपण रस्त्याच्या कडेला संपवतो. तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, झाले. लूक पुढे लिहितो की त्याने जखमीला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असा शब्द दिला. उतारशाळेच्या मालकावर कोणी प्रवचन देत नाही. जखमेचा पहिला थरार ओसरल्यावर रोज पेज करून देणारा, चादरी बदलणारा तोच. आपल्याकडे पहिल्या महिन्यात फळांच्या पिशव्या येतात. चौथ्या वर्षी परळच्या फेरीला सोबत कोण जाणार?

ख्रिस्तसभेचे नियम याबाबत आपल्या समजुतींपेक्षा मायाळू आहेत. आजारी माणसाला, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही, ख्रिस्तप्रसादापूर्वीचा तासाभराचा उपवास बंधनकारक नाही. औषधाने तोंड आले असेल, घास गिळवत नसेल, तर केवळ द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद घेता येतो. उपवासकाळात गोळीसोबत दोन घास खाल्ले म्हणून कोणी पापनिवेदनाला जाण्याचे कारण नाही. आजाऱ्यांचा अभ्यंग हा मरणाच्या दारातला विधी राहिलेला नाही. सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये त्याचे नवे रूप घालून दिले, आणि आजार बळावला तर तो पुन्हाही घेता येतो. तरीही दरवर्षी ११ फेब्रुवारीला, आजाऱ्यांच्या जागतिक दिनी, अभ्यंगासाठी पुढे येतात ते बहुतेक काठी टेकणारे वृद्ध. सहा वर्षे गोळीवर असलेली चाळिशीतली शिक्षिका मागे बसून राहते, कारण ती आजारी दिसत नाही, आणि तिला उठून पुढे चल असे म्हणणाऱ्या शेजारणीला तिच्या गोळीविषयी अजून कोणी काही सांगितलेले नाही.